बासष्ट टक्के

कळमन्याच्या धान्यबाजारामागे, नालीच्या कडेनं
लावलेल्या सतरा पिंजऱ्यांत
सकाळी निघाल्या तीन घुशी, एक चिचुंद्री,
आणि एकात भज्याच्या जागी
कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.
चिचुंद्री सोडून दिली.
ती उंदरांत वावरते, उंदीर नव्हे.
चप्पल बिसनजींनी ठेवून घेतली.

बिसन उईके. पिंजरे त्यांचे, गाडी माझी,
परवानगीचं पत्र विद्यापीठाचं.
"कायले कापता मॅडम कान त्याचा?"
म्हटलं, तांदळाच्या कणीएवढा तुकडा,
यातून कळतं हा कुणाचा कोण.
"कणीभरात?"
त्यांनी घुशीकडे पाहिलं, घुशीनं त्यांच्याकडे.
"माहा बाप सहा फूट होता. त्याच्या कागदावरून
पोराचं काही कळलं नाई अजून."

मे महिना. प्रयोगशाळेतला कूलर
ओल्या वाळ्याचा वास फेकतो, हवा नाही.
वीज गेली की मी आधी फ्रीझरकडे धावते:
उणे ऐंशीवर झोपलेत
काटोलच्या संत्राबागेतले, गोरेवाड्याच्या सागावरचे,
इतवारीच्या तेलघाणीतले.
बाहेर सेहेचाळीस.
मध्ये एक रबरी पट्टी
आणि कुरकुरणारा जुना जनरेटर.

अकराशे चाळीस अक्षरं, वर्णमाला मात्र चारांची.
ए, टी, जी, सी. काना नाही, मात्रा नाही.
रात्री स्क्रीनवर ओळीखाली ओळ लावत जाते
आणि शोधते, नक्कल करणारा कुठे चुकला.
कारण घराण्यात जपल्या जातात त्या चुकाच;
एकच चूक दोघांकडे सापडली
तर समजायचं, पोथी एकाच घरची.

घूस निघाली घरच्या उंदराची अगदी जवळची.
बिसनजी म्हणाले, "थे तं दिसतेच. दोघंबी चोर."
पण सागावरचा पांढऱ्या शेपटीचा,
जो कानांनी, चालीनं घरच्याचाच भाऊ वाटावा,
तो जाऊन बसला पार पलीकडे, कपाशीच्या धुऱ्यावरच्या
मऊ केसांच्या उंदराशेजारी.
एक झाडावर जन्म काढतो, एक ढेकळांत.
ओळखदेखही नसेल.
फांदीच्या सांध्यावर संगणकानं आकडा लिहिला: ६२.

म्हणजे हजारदा हा वृक्ष मांडला
तर सहाशे वीस वेळा हे दोघे सख्खे,
उरलेल्या वेळी दुसऱ्याच कुणाचे.
बासष्टवर आमच्या ढोमणे मॅडम सही करत नाहीत.

"आमच्यात देव मोजतात," बिसनजी सांगतात,
"चार, पाच, सहा, सात.
आमी सहा देवे. सहा देव्याले सहा देव्या भाऊ,
मंग तो बस्तरचा असो.
टक्के नाई लागत."
पण पडताळणीच्या खिडकीत देव चालत नाहीत.
तिथं लागतो पन्नास सालाआधीचा दाखला,
आजोबाचा, पणजोबाचा,
बापाच्याच खांद्यावरून वर चढत गेलेला.

मी लगेच सांगत नाही
की माझ्या या झाडात एकही बाप नाही.
ही अक्षरं फक्त आईकडून येतात.
प्रत्येक सांधा म्हणजे कुणीतरी मादी,
कुठल्याशा बिळात पिलांना चाटणारी,
आणि तिच्यासाठी कुठल्याच अर्जात रकाना नाही.
मग सांगते.
ते चप्पल उलटी करून झटकतात, माती पडते.
"माह्या मायले," म्हणतात, "कोनी इचारलंच नाई."

उद्या पुन्हा गोरेवाडा.
पाच पिंजरे सागाखाली नकोत, सागावरच,
फांदीला तारेनं बांधून.
अजून एक जनुक वाचायचं आहे, दोन्हीकडून आलेलं.
आकडा चढेल. किंवा उतरेल.
बिसनजी म्हणतात, आधी कळमन्यात जाऊ,
चपलीची जोडी पाहू.
तिथंच असंल कुठं तरी,
एका पायानं माणूस जाऊन जाऊन जाईल किती.