आयव्ही

ओढायची नाही, गेथिन म्हणायचा,
ओढलीस तर भिंतच येईल हातात.
बुंध्याशी काप, वीतभर तुकडा काढून टाक
आणि विसरून जा.

नेरिसने मार्चमध्ये कापली.
मनगटाएवढी खोडं, सात.
करवतीचा कडवट वास
रात्री चहाच्या कपालाही.

वर पानं हिरवीगार.
एप्रिल. तशीच.
खाली तुटल्याची बातमी
छपरापर्यंत पोचायचीच होती.

जूनमध्ये कुरकुरीत झाली.
वाऱ्यात कागदासारखी वाजायची.
कुंपणापलीकडून ह्यू म्हणाला,
आता ओढ, अलगद निघेल.
"घरटं आहे आत," ती म्हणाली.

नव्हतं.
वेल्श पाटीच्या दगडात रुतलेली
केसाएवढी मुळं होती फक्त,
आणि शेडमध्ये, खिळ्याला,
त्याचे हातमोजे,
बोटं अजून वाकलेली.