स्मरणिकेसाठी एक पान

कमिटीचा निरोप आलाय: बत्तिसावं वर्ष आहे,
महिला संघाचा इतिहास लिहून दे,
एकच पान, आणि यश ठळक अक्षरात.
वही माझ्याकडे, म्हणून मी.
नाहीतर मी राखीव गोलकीपर,
नऊ वर्षांत दोनदा जाळ्यासमोर उभी राहिले,
एकदा सेल्वीचं बोट मोडलं म्हणून,
एकदा सेल्वीचं लग्न होतं म्हणून.

पहिल्या पानावर: बोपोडी विरुद्ध कॅम्प. शून्य-अकरा.
जर्सी मुलांच्या मंडळाच्या, गुडघ्यापर्यंत,
पाठीवर छापलेलं, गणेशोत्सव १९९०.
अकरावा गोल झाला तेव्हा आम्ही आठच उरलो होतो.
दोघींना भाऊ येऊन घेऊन गेले.
फिलोमिना आपली आपणच गेली,
साडेपाचला नळ यायचा.
रेफ्रीचं घड्याळ बंद,
फॅक्टरीचा भोंगा झाला की मॅच संपायची.
त्या दिवशी भोंग्यानेच आमची लाज राखली.

क्लबचं ऑफिस म्हणजे मालनबाई रणपिसेंची गिरणी.
कप तिथेच, फळीवर, दळणाच्या डब्यांच्या वर.
पीठ बसून बसून सगळे एका रंगाचे झालेत,
जिल्ह्याचा कुठला, आळीचा कुठला,
फुंकर मारल्याशिवाय कळत नाही.
उपविजेतेपदाचे सहा.
विजेतेपदाचा एक,
त्यात मालनबाई सुट्टे पैसे ठेवतात.

तो एक कोल्हापूरचा.
मार्केट यार्डाच्या परतीच्या टेम्पोत,
कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर बसून गेलो,
मैदानात उतरलो तरी अंगाला वास.
समोरच्या पोरी म्हणाल्या, भाजी आणलीय वाटतं.
एकाहत्तराव्या मिनिटाला फ्री किक.
प्रज्योतने मारली ती खरं तर बाहेरच चालली होती,
पण झरीना बागवान नाडी बांधायला वाकली होती,
बॉल तिच्या पाठीला लागला
आणि आत.
कोणाला काही कळेना. तिला तर अजिबातच.
एक-शून्य.
येताना कात्रजच्या घाटात टेम्पो तापला,
आम्ही ढकलला, कप डोक्यावर धरून.

दुसऱ्या दिवशी पेपरात साडेतीन ओळी.
बोपोडीचं बोपदेव झालेलं,
स्कोअर चुकलेला,
मालनबाई मॅनेजरच्या पंच.
एवढ्यात एकच गोष्ट बिनचूक,
झरीना बागवान, हे नाव.
घरी ती कॉम्प्युटरच्या क्लासला जायची.
नाव छापून आलं, आणि वहीतून नाव गेलं.
पुढच्या सीझनला सात नंबर रिकामा ठेवला,
मग एक पोर आली, तिला दुसऱ्या मापाची जर्सीच नव्हती.

झरीना अजून दळण आणते. ज्वारी, शनिवारी.
मालनबाई सुट्टे द्यायला कप खाली घेतात.
ती पैसे मोजत नाही कधी.
कपाच्या कानाला बोट लावते,
बोटाला लागलेलं पीठ
ओढणीला पुसते, आणि विचारते,
आज पोरींची मॅच कुणाशी?

आता पोरींचे बूट स्वतःचे आहेत,
चार बाप कुंपणाला टेकून ओरडतात,
चुकीचंच ओरडतात, पण येतात.
मैदानाचा दक्षिण कोपरा पार्किंगला गेला,
त्यामुळे आमचा डावा विंगर
आपोआप आत वळायला शिकला.
हे यशात धरायचं का, कमिटीने ठरवावं.

पान संपत आलं.
कोल्हापूर ठळक केलं नाही तरी चालेल,
ते पाठीने झालं.
करायचंच असेल तर ते साडेपाचचं करा,
कारण फिलोमिना दोन हंडे भरून
परत आली होती,
ओल्या परकराने,
बाराव्या गोलाच्या आड उभी राहायला.
तेवढ्यात भोंगा झाला.

आणि सोबतचा फोटो परत पाठवा.
एकच प्रत आहे.