उत्तरार्ध, फीडर तीन

मालिकेचं नाव ‘ध्रुवापार’. रविवारी रात्री आठ ते नऊ.
अकरा वर्षं चाललं ते यान,
आणि अकरा वर्षं साडेआठच्या ठोक्याला
मी माझ्याच हातानं त्याची लाईन तोडली.

आर्वीच्या पुढं, नाल्यावरच्या सबस्टेशनात ऑपरेटर होतो.
फीडर दोन बंद, फीडर तीन चालू.
वेळापत्रक वरून यायचं, शिव्या खालून.
माझं क्वार्टरही दोनवरच.

म्हणून वहीत पूर्वार्ध माझा,
उत्तरार्ध सुगंधा मडावीचा,
जांभूळधऱ्याच्या उपकेंद्रातली नर्स, फीडर तीन.
मंगळवारच्या बाजारात ती लसीच्या डब्यासकट यायची,
बर्फाच्या कारखान्यातून डबा भरून घ्यायची,
आणि वही परत करायची. कोपरे ओले.

मी लिहायचो:
भाग सतरा. ग्रह म्हणजे गिट्टीची खदान.
डाव्या कोपऱ्यात टॉवर दिसतो, एकशे बत्तीस केव्हीचा.
पोकळीत स्फोट झाला आणि आवाज आला!
मी ट्रान्सफॉर्मर उडताना ऐकलाय, पण तो हवेत.
चार आणे कापले.

भाग चौसष्ट. या यानात कधीच कशी लाईन जात नाही?
इंजिनाजवळ एक तरी माणूस दाखवा,
तेलकट हातांचा,
जेवण अर्धं टाकून आलेला.
दहा आणे. तेही रोबोटसाठी.

खाली ती, रजिस्टरातल्या बारीक अक्षरात:
नंतर यानात गोवर आला.
कप्तानानं आधी लेकरं मोजली, मग चादरी.
शत्रूच्या बाईचं बाळ आडवं होतं,
तर दोन्हीकडच्यांनी लढाई सकाळपर्यंत थांबवली.
आणि क्ष-नऊला चंद्रावर सोडलं होतं ना,
त्याला घ्यायला परत गेले.
उशीर झाला, पण गेले.
आणे तुम्हीच द्या. मले तो हिशेब जमत नाही.

मी द्यायचो. चौदा. कधी पंधरा.
बाजूला शेरा: लेखक उत्तरार्धात सुधारतो.

मागच्या पोळ्याला पुतण्या आला,
मोबाईलवर सगळेच्या सगळे भाग लावून दिले.
“आता कोणी लाईन तोडत नाही काका, पाहा निवांत.”
पाहिले. पहिल्यांदाच अर्ध्याच्या पुढं गेलो.
गोवर नाही. बाळ नाही.
चादरी कोणी मोजत नाही.
क्ष-नऊ चंद्रावरच राहतो, अंगावर धूळ साचत,
आणि कप्तान पुढच्या भागात
त्याचं नावसुद्धा काढत नाही.

बाई भलतंच चॅनल पाहत होती की काय?

मग रद्दीतून तक्रारवही काढली, निवृत्तीच्या वेळी आणलेली.
जांभूळधरा गावठाण, डीपी जळाली. नवीन येईपर्यंत बंद.
चौदा महिने.
पुन्हा जळाली. नऊ महिने.
पुन्हा.
अक्षर माझं. सही माझी.
पॅनेलवर फीडर तीनचा काटा हलत होता,
तो वाटेतल्या ऑइल मिलचा.
मी समजलो, गाव उजळलंय.

आणि ते बर्फ.
दर मंगळवारी, अठरा किलोमीटरवरून.
चालू फ्रिज असलेली नर्स
बर्फ कशाला नेईल,
हे मला विजेच्या माणसाला
विचारावंसं वाटलं नाही.

तिची बदली झाली, म्हणे चामोर्शीकडं, नंतर आणखी कुठं.
भाग तीनशे बारा, शेवटचा.
माझं अर्धं पान भरलेलं, खालचं कोरं.
खरा शेवट मी आता पाहिलाय:
रोषणाई, भाषण, सगळे रडतात.
सहा आणे जास्त झाले.

जुने आकडे काही खोडले नाहीत.
पेन झटकलं, चाललं नाही,
दुसरं शोधलं.
तिच्या अर्ध्यात, शक्य तितक्या बारीक अक्षरात लिहिलं:

नंतर यानात लाईन गेली.
सगळीकडं अंधार.
लेकरं मोजली, पुरी होती.
आणि इंजिनाजवळचा एक माणूस
ताट सरकवून उठला.