हाल, बे!

जर्मनीहून फाइल आली, एकोणीस मिनिटांची.
आल्विन हाल्बे, जन्म श्टेटिनचा,
बाप जहाजांसाठी दोरखंड वळायचा.
एकेचाळीस सिनेमे केले म्हणे. उरलं ते एवढं:
दीड रीळ, पाट्या गहाळ,
कोपऱ्याकडून बुरशीनं खात आणलेला एक जिना.
क्लबवाले म्हणाले, मराठी पाट्या तूच लिही,
धरमपेठेत जर्मन शिकवतेस ना.

कूलरसमोर बसून त्याचे ओठ वाचत राहिले.
मे महिना, सेहेचाळीस अंश,
आणि पडद्यावर गुडघाभर बर्फ.
हाल्बे बँकेतला कारकून. नोकरी गेलेली.
जिन्याच्या तळाशी उभा, वर घर, घरात आई.
चार मिनिटं तो काहीच करत नाही.
टोपीसुद्धा फिरवत नाही हातात.
बर्लिनच्या कुठल्याशा पेपरानं लिहिलं होतं,
हा माणूस मानेनं रडतो.

त्या मानेत लोखंडाचा तुकडा होता, सोळा सालचा, खंदकातला.
आवाज उरला तो कोरड्या रहाटाचा.
मूकपटानं आवाज कधी मागितलाच नाही.
मग मायक्रोफोन आला.
एकच वाक्य दिलं त्याला, शुभ संध्याकाळ, बाईसाहेब.
म्हणून झाल्यावर कुणी हसलं नाही,
सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.
पुढं त्यानं प्रेतं केली, तीन की चार.
मग एका नाटकघरात तिकिटांची खिडकी,
काचेआड, बोटांनी आकडे दाखवत.
मृत्यूला तळटीपेत दीड ओळ.

हाल्बे म्हणजे अर्धा. वर्गात मी शिकवते,
हाल्बे श्टुंडे, अर्धा तास.

पण नागपुरात त्याचा अर्थ वेगळाच निघाला होता.
सत्तावीस साली जुम्मा तलावाकाठी तंबू पडला,
आणि पडद्याशेजारी वेळूची काठी घेऊन उभा राहिला
लटारी निनावे.
दिवसा एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर,
रात्री खेळामागं आठ आणे.
दुपारी रेल्वेच्या एका बाबूनं विडी ओढता ओढता
गोष्ट सांगितली तेवढीच त्याला ठाऊक.
बाकी सगळं तो लोकांचे चेहरे बघून बोलायचा.
जिन्यापाशी हाल्बे थांबला
की मागून पब्लिक ओरडायचं,
हाल, बे! अबे हाल ना!
लटारी काठी आपटायचा:
नावच हाय त्याचं. सारी दुनिया म्हनते हाल बे,
अन् हा काई हालत नाई.

बोलपट आला आणि दोघांची कामं गेली,
एकाचं बर्लिनला, एकाचं तलावावर.
मी जुळवून सांगतेय असं वाटेल.
वाटू द्या.

क्लबच्या खेळाला तीसेक माणसं.
पहिल्या रांगेत तुळशीराम निनावे, अठ्ठ्याऐंशीचे,
बापानं काठी खाली ठेवली त्यानंतर जन्मलेले.
पुतण्यानं धरून आणलं, ऐकू येत नाही फारसं.
जिना आला. माझी पाटी आली,
शुद्ध, व्याकरणाला धरून:
«आई, मला कामावरून कमी करण्यात आले आहे.»
दोन दिवस घालवले होते मी त्या वाक्यावर.

अंधारात म्हातारा बोलला. मोठ्यानं,
बहिरी माणसं बोलतात तसं:
काई नाई झालं वो माय,
आज भोंगाच लवकर झाला.

बाप हातमागावर बसून म्हणायचा म्हणे हे,
धोटा फेकता फेकता, कुणालाच उद्देशून नाही.
मिलचा भोंगा कधीचा बंद पडलाय,
तरी सभागृहात एकदोघांनी मनगटावर घड्याळ पाहिलं.

मग मागच्या खुर्च्यांतून कुणी पोरगं,
थट्टेत नाही, अगदी हळू,
हाल, बे.

आणि हाल्बेनं पाय उचलला.
पायरीवर टेकायच्या आत रीळ संपलं.