बुडणारं लाकूड

झुलाल पाटलांनी ट्रॉलीतून चाकाचा तुंबा
आमच्या दारात उतरवला
तेव्हा शहाबादी फरशीला तडा गेला.
"आजोबांच्या गाडीचा आहे," म्हणाले,
"काहीतरी करा. चुलीत मात्र घालू नका."
घातला असता तर दोन दिवस विझला नसता,
हे मी बोलले नाही.

आबा खाटेवरून म्हणाले, "पानीमा टाक."
त्यांचे हात थरथरतात आता, कान नाही.
कडेची एक ढलपी काढून बादलीत सोडली.
वर एकदाही न पाहता
ती तळाशी जाऊन बसली.
"तरनं ते अंजन नही," आबा हसले.
"बुडनं ते आपलं."

साग हाताखाली लोण्यासारखा येतो,
त्याच्या कुरळ्या भुशाला पोरं गोळा होतात.
शिसव थोडा भाव खाते, मग ऐकते.
हे पात्याची धार खातं
आणि गप्प बसतं.
खिळा ठोकला तर खिळाच वाकतो.
आधी गिरमिटानं भोक पाडायचं,
खिळ्याला मेण लावायचं,
आणि तरीही घाई करायची नाही.

सातपुड्याच्या उतारावर याचं पान जुळं असतं,
गायीच्या खुरासारखं.
सालीचं चऱ्हाट वळायचे,
पाल्यावर दुष्काळात गुरं काढायचे,
आणि गाभा तेलघाण्याला, तुंब्याला,
जिथं रोजची झीज तिथं.
आता फॉरेस्टवाले फांदीलाही हात लावू देत नाहीत.
बरोबर आहे त्यांचं.
मी चोपड्यात प्लायवूड विकते,
सनमायका चिकटवते,
पोट त्यावरच आहे.

करवतीची तीन पाती गेली.
चौथ्यानं तुंबा उघडला:
बोटभर आत शिरलेलं काळं वंगण,
एरंडेल, धूळ, बैलांच्या वाटा,
आणि त्याच्या आत
जांभळट तांबडं लाकूड, कोरडं,
जसं कालच तोडलं असावं.
मी उगाच हात मागे घेतला.

पण बारा आऱ्यांची बारा भोकं.
उरलं काय, तर भोकांच्या मधलं.
पाटलांना हवा होता मोबाइल ठेवायला स्टँड.
आबा इतके हसले की खोकला लागला.

मी पाचरी केल्या, एकवीस.
कुऱ्हाडीच्या दांड्यात, पलंगाच्या खुरात,
शेजारच्या रुखमाबाईंच्या डुगडुगत्या मुसळात.
आत गेली की पुन्हा दिसत नाही पाचर,
दिसली तर ती नीट बसलेली नाही.
शेवटच्या तुकड्याचा भोवरा
पाटलांच्या नातवाला दिला.
तो जड आहे, लवकर फिरत नाही,
फिरला की मात्र
पोरं जेवायला गेलेली परत येईपर्यंत
अंगणात गुणगुणत असतो.

स्टँड मी त्यांना सागाचा करून दिला.
ते खूश आहेत.

बादलीतली ढलपी काढायची राहूनच गेली.
सकाळी पाणी बिनदुधाच्या चहासारखं झालं होतं.
आबांनी त्यात बोटं बुडवली,
बराच वेळ तशीच ठेवली,
आणि मला वाटलं,
थरथर थोडी थांबली.
कदाचित पाणीच हलत नव्हतं.