रफू

हलशकाचा कोट घातलाय. दंडात घट्ट होतो.
खिशात तिच्या खोकल्याच्या गोळ्यांचं वेष्टण,
हात घातला की चुरचुरतं.
बसा, म्हणाला कायेतान. माझ्या धाकट्याहून लहान.
जिथे बसवलं तिथेच, वूच शहरातल्या याच इमारतीत,
आमचं रफूचं लांब टेबल होतं.
खिडकी तीच. काच नवी.
त्याला बोलले नाही.
मागे एका ठिकाणी बोलले होते,
तर बाई म्हणाली, किती गोड,
आणि घड्याळ बघितलं.

"तुमच्या अर्जात इथे एक भोक आहे,
दोन हजार एकोणीस ते एकवीस."

भोक.
सत्तावीस वर्षं मी तीच बघत आले, बाळा.
कापड उजेडाला धरायचं,
तुटलेला धागा बोटानं चाचपायचा,
त्याच कापडाच्या काठातून एक सोडवून घ्यायचा
आणि एक वरून, एक खालून,
असा की विणणाऱ्यालाही सापडू नये
चुकलं कुठे होतं ते.

त्या भोकात आई आहे.
दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे.
शेवटी शेवटी मला ती धाकटी बहीण समजायची
आणि कधीकाळचे चाळीस झ्वोटी परत मागायची.
दिलेही मी. दोनदा.
हे कुठल्या रकान्यात बसतं?
"घरगुती कारण," म्हटलं.
त्यानं टाइप केलं, तीन बोटांनी.

मग तो प्राण्यांचा प्रश्न. तुम्ही प्राणी असतात तर?
गोदामात विचारलं तेव्हा मुंगी म्हणाले होते.
त्याआधी संगणकावर, समोर माणूसच नाही,
नुसता माझाच चेहरा आणि उलटे पळणारे सेकंद,
तेव्हा घाबरून घोडा.
दोन्हीकडून काही आलं नाही.
या वेळी म्हटलं, माणूसच राहते, चालेल?
तो हसला. अगदी खरं हसला.
तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि पलीकडचा
मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,
अरे, ती जागा मंगळवारीच भरली ना?

आज गुरुवार.
तरी त्यानं उरलेले चार प्रश्न विचारले.
मीही उत्तरं दिली, पाच वर्षांनी कुठे असाल वगैरे.
मला रोजगार कचेरीसाठी सही हवी होती.
त्यालाही कुणाला तरी काहीतरी दाखवायचं असेल.

उठताना दिसलं, त्याच्या स्वेटरच्या कोपरावर
टाका सुटलाय, नखाएवढा. भारी लोकर.
अजून दोन धुण्यांत कोपर बाहेर येईल.
काढून दे इकडे, पाव तासाचं काम,
ओठांवर आलं होतं.
"आम्ही कळवू," तो म्हणाला.
"मीसुद्धा," तोंडून गेलं, का कोण जाणे.

थांब्यावरून हलशकाला फोन केला,
कोट उद्या आणून देते.
ती म्हणाली, राहू दे तुझ्याकडेच,
सोमवारी कुठे जायचंय ना?