अंश असू शकतात

मे महिन्यात अंमळनेरला चॉकलेट आणायला निघणं
हाच मुळात येडेपणा.
पण लग्नाला एकतीस वर्षं होत होती
आणि दरसालचे पेढे यंदा मी आणणार नव्हतो.

चोवीस वर्षं डेअरीवर दूध मोजलं.
पहाटे साडेपाचला कॅन, काट्यावर लिटर, मशीनवर फॅट.
पाणी घातलेलं नुसत्या वासावरून सांगायचो,
लोक मला टरकून असत.
मग एकदा भटू पाटलाच्या गोठ्यात
पेंढा भरलेलं वासरू पाहिलं.
गाय त्याला चाटत होती
आणि पान्हा सोडत होती.
त्या दिवशीही मी फॅट लावली. चार पॉइंट दोन.
चहा मात्र तेव्हापासून कोरा.
घरी सांगितलं, डॉक्टर नको म्हणालेत.

झुंबरशेठ पंख्याखाली बसलेला.
"बोल भाऊ, तुले काय जोयजे?"
"चॉकलेट. बिगर दूधनं."
"मंग त्याम्हा काय ऱ्हास?"

पुतण्याने फ्रीजमधून, कुल्फीच्या मागून,
तीन पाकिटं काढून काउंटरवर मांडली.

पहिल्यावर हिरवा ठिपका, ठसठशीत.
पण हिरव्या ठिपक्याला दूध चालतं,
हे मला कोणी शिकवायला नको.

दुसऱ्यात दूध नव्हतं खरंच.
साखर, मग पामतेल, मग कुठे तरी कोको,
लांबच्या पाहुण्यासारखा.
"हाई घे, उनम्हाबी पघळत नही," शेठ म्हणाला.
मी ते पायरीवर ठेवून पाहिलं.
बाहेर चव्वेचाळीस, डांबर चपलेला चिकटतंय,
आणि हे पठ्ठं साबणाच्या वडीसारखं निवांत.
आईची आठवण आली. भरिताचं वांगं घेताना
ती रंगाकडे बघायचीच नाही,
तळहातावर झुलवून बघायची.
जड लागलं की परत टोपलीत. आत नुसत्या बिया.
माल स्वतः बोलतो, म्हणायची,
विकणाऱ्याचं ऐकू नये.

तिसरं काळं, बारकं, एकशे नव्वद रुपयांचं.
तेवढ्यात पाव किलो पेढे येतात, शेठने हिशोब सांगितला.
चष्मा कपाळावर सारून वाचलं.
कोको, कोको बटर, साखर. संपलं.
बटर शब्दाला अडखळलो,
पुतण्या मोबाइल बघून म्हणाला,
काका, नावालाच बटर, बियांचं तेल आहे.
नाकाशी धरलं, कागदातूनही वास आला,
पहिल्यांदा खुरपलेल्या काळ्या मातीसारखा.
सगळ्यात खाली, मुंगीच्या अक्षरात:
याच यंत्रांवर दुधाचे पदार्थही बनतात.
अंश असू शकतात.

मी माझ्या हातांकडे बघितलं.
बोटांच्या पेरांत, नखांच्या मुळाशी
चोवीस वर्षं.
म्हटलं, हेच द्या.

रेल्वे फाटकाला मालगाडी आडवी आली.
अठ्ठावन्न डबे मोजले,
डिकीत काय होतंय ते कळत होतं.

कोकिळाने चांदी उघडली तर आत डबकं.
हसली नाही. रागावलीही नाही.
तव्यावरची कळण्याची भाकरी मोडून
तिचा कोपरा त्यात बुडवला.
"कडू शे."
अजून एक घास.
"मीठ टाकतू तं बरं लागतं."
मी तिच्याकडे बघत बसलो,
ती चांदीच्या घड्या भाकरीने पुसून घेत होती,
एकेक घडी, सवडीने.

"डाक्टर खरंच बोलना व्हता का?"

नाही, म्हटलं.
आणि भटूच्या गोठ्यापासून सांगायला लागलो,
पेंढ्यापर्यंत आलो आणि थांबलो.
तिचा हात चांदीवरच राहिला.

"कोनता रंगनं व्हतं ते वासरू?"

तांबडं, म्हटलं.
कपाळावर पांढरं.